इंग्लंडमध्ये गणिताचा क्लास काढायचाय, सुरुवात कुठून करू?

रानजाई | ९ फेब्रुवारी २०२५, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. सांगलीत नऊ वर्षं पाचवी ते दहावीला गणित शिकवलं. नवऱ्याच्या नोकरीमुळे दीड वर्षापूर्वी लंडनजवळच्या स्लाऊला आलो. तो स्किल्ड वर्कर व्हिसावर आहे, मी डिपेंडंट. मुलगी इथल्या शाळेत इयर फोरला (आठ-नऊ वर्षांची मुलं) आहे. गेल्या उन्हाळ्यात तिच्या दोन मैत्रिणींना जेवणाच्या टेबलावर बसवून अपूर्णांक शिकवले. तेव्हापासून पाच-सहा आया विचारतायत, क्लास कधी सुरू करताय म्हणून.

मला घरबसल्या चार शिकवण्या करायच्या नाहीत, नीट व्यवसाय उभा करायचाय. शिकवता येतं एवढा विश्वास आहे. बाकीचं काहीच माहीत नाही. हाय स्ट्रीटवर एक रिकामं दुकान पाहिलंय. एजंट म्हणतो पाच वर्षांचं लीज करा आणि पुढच्या महिन्यात पाटी लावा. अनामतीपुरते पैसे साठवलेले आहेत. परवाने कुठले लागतात, व्हिसावर चालतं का, कंपनी काढायची की नाही, ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. शुक्रवारपर्यंत एजंटला उत्तर द्यायचंय.

कृष्णाकाठ | ९ फेब्रुवारी, रात्री १०.१५

आधी व्हिसा. तुम्ही स्किल्ड वर्करच्या डिपेंडंट पार्टनर आहात, म्हणजे तुम्हाला नोकरीही करता येते आणि स्वतःचा धंदाही. फक्त व्यावसायिक खेळाडू किंवा त्यांचा प्रशिक्षक होता येत नाही, बाकी मोकळीक आहे. क्लास तुमच्या नावावरच असू द्या. नवऱ्याचा व्हिसा त्याच्या नोकरीला बांधलेला आहे, त्याला यात गुंतवू नका.

इतर वाचणाऱ्यांसाठी: स्टुडंट व्हिसावर स्वयंरोजगार चालत नाही, पैसे घेऊन एक शिकवणीसुद्धा नाही. शिक्षण संपवून ग्रॅज्युएट व्हिसा मिळाला की चालतो. काही सल्लागार क्लाससाठी इनोव्हेटर फाउंडर व्हिसा काढून देतो असं सांगतात. तो २०२३ च्या एप्रिलमध्ये आला आणि त्याला मान्यताप्राप्त संस्थेचं समर्थनपत्र लागतं, कल्पना नवी आणि वाढू शकणारी आहे असं. साध्या गणिताच्या क्लासला ते मिळेल असं मला वाटत नाही. त्या सल्ल्यासाठी पैसे मोजू नका.

विहीर | ९ फेब्रुवारी, रात्री ११.०५

रानजाई, दुकानाच्या लीजवर सही करू नका. आधी हे वाचा.

मी वायव्य लंडनमध्ये अकरा वर्षं क्लास चालवतेय. २०१४ साली बैठकीच्या खोलीत सुरू केला. २०१७ मध्ये मुलं तीस झाली आणि मी नेमकं तुम्ही करू बघताय तेच केलं. दुकान घेतलं, पाच वर्षांचं लीज, मध्ये सोडायची मुभा नाही. एजंट म्हणाला, क्लास म्हणजे ऑफिससारखंच, काही होत नाही. रंग मारला, टेबलं आणली, काचेवर नाव काढून घेतलं. सात महिन्यांनी कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, पत्र आलं. शनिवारी पालक गाड्या लावतात म्हणून शेजारच्या कुणीतरी तक्रार केली होती, आणि त्या तक्रारीतून बाहेर आलं की त्या जागेचा मंजूर वापर दुकानाचा आहे, शिक्षणाचा नाही. वापरबदलाचा अर्ज केला, पार्किंगच्या कारणावरून नाकारला गेला. क्लास बंद करावा लागला, पण लीज चालूच राहिलं. दुसरा भाडेकरू मिळेपर्यंत चौदा महिने मी रिकाम्या दुकानाचं भाडं भरलं. आईने दिलेल्या पाटल्या मोडल्या त्या तेव्हा.

इथे जागेच्या वापराचे सरकारी प्रकार ठरलेले असतात. त्या वेळी शिक्षणाचा प्रकार डी-वन होता. १ सप्टेंबर २०२० पासून हे प्रकार बदलले. दुकानं, ऑफिसं, कॅफे, अगदी पाळणाघरंसुद्धा आता ‘क्लास ई’ या प्रकारात येतात, त्यांना एकमेकांत बदलायला परवानगी लागत नाही. शिक्षण मात्र एफ-वन मध्ये आहे. म्हणजे दुकानात क्लास काढायचा तर आजही प्लॅनिंगची परवानगी लागते. एजंटला हे माहीत असतं किंवा नसतं, पण भाडं दोन्ही वेळी तुम्हीच भरता.

काय करायचं ते सांगते. चर्चचा हॉल, कम्युनिटी सेंटर, नाहीतर शाळेचाच वर्ग शनिवारी तासावर भाड्याने मिळतो. तिथे शिकवणी, नाचाचे वर्ग असं आधीपासून चालत असतं, त्यामुळे वापराचा प्रश्न सहसा सुटलेला असतो. तरी करारात विचारून घ्याच. खुर्च्या-टेबलं त्यांची, संडास त्यांचे, आगीची घंटा त्यांची. नाही जमलं तर महिन्याच्या नोटिशीवर बाहेर पडता. मी आज तीन हॉलमध्ये क्लास घेते. स्वतःचं दुकान परत घेतलं नाही आणि घ्यावंसं वाटतही नाही.

मुलांच्या सुरक्षिततेबद्दल उद्या लिहिते. ते लीजहून मोठं आहे.

हिशेबनीस | १० फेब्रुवारी, सकाळी ७.३०

विहीरताईंशी शंभर टक्के सहमत. एक पुस्ती: जागेचं रेटेबल व्हॅल्यू (करासाठी धरलेलं वार्षिक भाडं) १२,००० पाउंडांपर्यंत असेल आणि तुमची ती एकच जागा असेल, तर लहान व्यवसायांच्या सवलतीत बिझनेस रेट (धंद्याच्या जागेवरचा कर) शून्य होतो, आणि १५,००० पर्यंत थोडी थोडी सूट मिळते. एजंट हीच गोष्ट पुढे करून दुकान स्वस्त आहे असं सांगतात. स्वस्त असेलही, पण परवानगीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

आता कंपनी की एकटं. सुरुवातीला सोल ट्रेडर म्हणून, म्हणजे कंपनी न काढता स्वतःच्याच नावावर, नोंद करा. कारण व्हॅट (आपल्या जीएसटीसारखा कर). शाळा-कॉलेजात शिकवला जाणारा विषय एखादी व्यक्ती स्वतःच्या जबाबदारीवर, कुणाची नोकर म्हणून नव्हे, शिकवते तेव्हा त्या शिकवणीला व्हॅट माफ आहे. भागीदारीतल्या भागीदाराने स्वतः शिकवलं तरी माफ. पण तुम्ही पगारी शिक्षक ठेवला, तर त्याच्या तासांची फी या सवलतीत येत नाही. नेहमीची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढून तिच्यामार्फत शिकवलंत तर तुमचे स्वतःचे तासही येत नाहीत. करपात्र उलाढाल १२ महिन्यांत ९०,००० पाउंडांवर गेली की नोंदणी सक्तीची आणि २० टक्के लागू. तुमचे स्वतःचे माफ तास त्या ९०,००० मध्ये धरले जात नाहीत.

बऱ्याच जणांना हे कळतं तेव्हा तीन शिक्षक ठेवून झालेले असतात. पालकांना एकदा तीस पाउंड सांगितले की पुढच्या महिन्यात छत्तीस सांगता येत नाहीत, मग तो व्हॅट खिशातून जातो. फी ठरवतानाच पुढच्या दोन वर्षांचा विचार करून ठरवा.

बाकी झटपट: वर्षाची उलाढाल १,००० पाउंडांवर गेली की सेल्फ असेसमेंटची (आयकराचं विवरण स्वतः भरायची) नोंदणी लागते, करवर्ष संपल्यानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत. एक जरी माणूस कामाला ठेवला तरी एम्प्लॉयर्स लायबिलिटी विमा (कामावरच्या माणसाला इजा झाली तर) कायद्याने सक्तीचा, किमान ५० लाख पाउंडांचा. तो नसेल तर दिवसाला २,५०० पाउंडांपर्यंत दंड होऊ शकतो. पब्लिक लायबिलिटी विमा (मुलं-पालक अशा इतरांना इजा झाली तर) कायद्याने सक्तीचा नाही, पण हॉलवाले त्याशिवाय चावी देत नाहीत. मुलांची नावं, पत्ते, औषधांची माहिती फोनमध्ये ठेवणार, म्हणजे माहिती आयुक्तांच्या कार्यालयाकडे वार्षिक शुल्क भरून नोंद.

पाटी_पेन्सिल | १० फेब्रुवारी, दुपारी १.१०

मी इथल्या प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट आहे. रानजाई, तुमचं गणित पक्कं असणार यात शंका नाही. पण इथली मांडणी वेगळी आहे आणि पहिल्या महिन्यात ते बोचतं.

उदाहरण देते. आपण भागाकार लिहितो तेव्हा भाजक डावीकडे, भाज्य मध्ये आणि उत्तर उजवीकडच्या कंसाबाहेर. इथे उत्तर भाज्याच्या डोक्यावर लिहितात, त्याला बस स्टॉप मेथड म्हणतात. दिसतंही बसथांब्याच्या छपरासारखं. आमच्या शाळेत एका मुलीला घरी आजोबांनी आपल्या पद्धतीने शिकवलं. उत्तर बरोबर होतं, पण आकडे कुठल्या रकान्यात आहेत ते तिलाच कळेना. वर्गात रडली. वजाबाकीत आपण हातचा घेतो, इथे एक्स्चेंज म्हणतात, दहाचा एक सुटा करून दहा एकक घेतले असं मुलाने तोंडाने सांगायचं असतं. ती समज चांगली आहे, तिला कमी लेखू नका.

इयर फोरच्या शेवटी, जूनमध्ये, पाढ्यांची सरकारी तपासणी असते. संगणकावर २५ प्रश्न, प्रत्येकी सहा सेकंद, बारा बारे एकशे चव्वेचाळीसपर्यंत. २०२२ पासून सरकारी शाळांना सक्तीची. तुमच्या मुलीची याच जूनमध्ये असेल.

मोठ्या मुलांचं जीसीएसई (आपल्या दहावीसारखी परीक्षा) घेणार असाल तर मुलगा कुठल्या बोर्डाला आहे, एक्यूए, एडेक्सेल की ओसीआर, आणि फाउंडेशन (सोपा स्तर) की हायर (वरचा स्तर), हे पहिल्याच दिवशी विचारा. फाउंडेशनला पाचच्या वर ग्रेड मिळतच नाही. पालकांना कित्येकदा हे माहीत नसतं आणि ते नऊची, म्हणजे सर्वांत वरच्या ग्रेडची, स्वप्नं बघत असतात. तीन पेपर, दीड-दीड तासाचे, त्यातला एक कॅल्क्युलेटरशिवाय. एक्यूए आणि एडेक्सेलचे पेपर ८० गुणांचे, ओसीआरचे १०० गुणांचे. आपल्याकडची तोंडी आकडेमोड तिथे मुलांच्या खरंच उपयोगी पडते.

विहीर | १० फेब्रुवारी, रात्री १०.५०

काल राहिलेलं.

इंग्लंडमध्ये शिकवणीचा क्लास काढायला म्हणून वेगळा परवाना नाही. कुणीही उद्या काढू शकतो. म्हणूनच सगळी जबाबदारी तुमच्यावर येते. शिक्षण खात्याने शाळेबाहेरच्या वर्गांसाठी २०२० मध्ये एक आचारसंहिता काढली. ती सक्तीची नाही. पण मी ती छापून, खुणा करून फाइलला लावलीये आणि त्याप्रमाणेच चालते, कारण जाणकार पालक त्यातलेच प्रश्न विचारतात. मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी कुणा एकाच्या नावावर आहे का, लेखी धोरण आहे का, प्रथमोपचार कोणाला येतात, शिक्षकांची तपासणी झालीये का.

तपासणी म्हणजे डीबीएस, गुन्हेगारी नोंदींची सरकारी तपासणी. एकट्याने अर्ज केला तर बेसिक मिळतो, तो मुलांबरोबर काम करणाऱ्याला पुरेसा नाही. एन्हान्स्ड आणि त्यात मुलांच्या बार्ड लिस्टची (मुलांबरोबर काम करायला बंदी असलेल्यांच्या यादीची) तपासणी, हे हवं. ते एखाद्या संघटनेमार्फत किंवा एजन्सीमार्फत करावं लागतं. प्रमाणपत्र आलं की ३० दिवसांच्या आत अपडेट सर्व्हिसला नाव घाला, वर्षाला १६ पाउंड. मग दर वेळी नवं काढावं लागत नाही. तुम्ही दीडच वर्षापूर्वी आलात, त्यामुळे भारतातल्या वर्षांसाठी पोलीस क्लिअरन्सही काढून ठेवा. कोणी मागितलं नाही तरी स्वतःहून दाखवा.

दोन मर्यादा लक्षात ठेवा. आठ वर्षांखालची मुलं दिवसाला दोन तासांहून जास्त ठेवणार असाल तर ऑफस्टेडच्या (शाळा-पाळणाघरं तपासणाऱ्या सरकारी खात्याच्या) नोंदणीचा प्रश्न येतो. शिकवणीसाठी सूट आहे, पण ती तुमच्या क्लासला लागू होते का ते लेखी विचारून घ्या. दुसरी जास्त गंभीर. शाळेत न जाणारी, घरी शिकणारी मुलं तुमच्याकडे दिवसा येऊ लागली आणि शाळेच्या वयाच्या पाच किंवा अधिक मुलांना तुम्ही पूर्णवेळ शिकवू लागलात, तर कायद्याच्या नजरेत तुम्ही शाळा चालवताय. नोंदणी नसलेली शाळा चालवणं गुन्हा आहे. आठवड्याला अठरा तासांच्या वर गेलं की खातं त्याकडे पूर्णवेळ म्हणून बघतं. पालक विनवण्या करतात, आमच्या मुलाला सकाळीही ठेवा म्हणून. दया येते, पण नाही म्हणा.

आता एक प्रसंग. २०१९ चा नोव्हेंबर. संध्याकाळचे पावणेसहा, बाहेर गुडुप अंधार आणि पाऊस. दहा वर्षांच्या एका मुलाला न्यायला एक गृहस्थ आले. मुलगा त्यांना काका म्हणाला, हसत पुढे गेला, दप्तर खांद्याला. माझ्या वहीत मुलाला नेणाऱ्यांची दोन नावं होती, आई आणि आजी. मी म्हटलं, आईशी फोनवर बोलते, मग सोडते. ते चिडले, माझ्या अंगावर ओरडले, बाकीचे पालक बघत होते. मला क्षणभर वाटलं की मी आगाऊपणा करतेय, ओळखीचा माणूस आहे, जाऊ द्यावं. आईने फोन उचलला आणि पहिलंच वाक्य म्हणाली, त्याला पाठवू नका. घरात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं, ते इथे लिहिणार नाही. मुलगा माझ्या सहायिकेबरोबर आत बसून राहिला, मी दारात उभी राहिले, आई वीस मिनिटांत टॅक्सीने आली.

ती वही दोन पाउंडांची आहे. तारीख, मूल, आलं किती वाजता, गेलं किती वाजता, कोणाबरोबर, सही. माझ्या क्लासमध्ये सर्वांत मोलाची वस्तू तीच. पाढे मुलं कुठेही शिकतील. लोक आपलं मूल दोन तास आपल्या हवाली करून जातात, धंदा त्यावर उभा आहे.

एकट्या मुलाबरोबर बंद दाराआड बसायचं नाही. हॉलमध्ये कायम दोन मोठी माणसं. अंगाला हात लावायचा नाही, गमतीतली टपलीसुद्धा नाही. मूल घरातलं काही सांगायला लागलं तर खोदून विचारायचं नाही, "कुणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही. त्याच्या शब्दांत, तारीख-वेळ घालून त्याच दिवशी लिहून ठेवायचं आणि कौन्सिलच्या बालसेवा विभागाला कळवायचं. एनएसपीसीसी या बालसंरक्षण संस्थेचं ऑनलाइन प्रशिक्षण आहे, थोड्या तासांत होतं. ते केल्याशिवाय पहिला तास घेऊ नका.

एडिंबरकर | ११ फेब्रुवारी, सकाळी ८.२०

कुणी स्कॉटलंडमधून वाचत असेल तर: वरचं जवळपास सगळं इंग्लंडचं आहे. इथे डीबीएसऐवजी पीव्हीजी असतं आणि १ एप्रिल २०२५ पासून मुलांबरोबरच्या नियमित कामांना ते कायद्यानेच सक्तीचं होतंय. इथे इलेव्हन प्लस (निवडक मुलं घेणाऱ्या ग्रामर शाळांची प्रवेश परीक्षा) नाही, जीसीएसई नाही. नॅशनल फाइव्ह आणि हायर या परीक्षा असतात. लंडनचा अभ्यासक्रम उचलून इथे क्लास काढलात तर चालणार नाही.

दुपारचं_ऊन | ११ फेब्रुवारी, सकाळी ११.४५

मी आई म्हणून लिहितेय. स्लाऊमध्ये क्लास म्हणजे शेवटी इलेव्हन प्लस, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या मुलाने ती परीक्षा दिली. इयर फोरपासून शनिवार-रविवार क्लास, रोज रात्री व्हर्बल रीझनिंग. सप्टेंबरात परीक्षा, ऑक्टोबरात निकाल, आणि दहा वर्षांचं पोर मला विचारतं, आई मी ढ आहे का? तो नापास झाला म्हणून मी हे लिहीत नाहीये. तो आज साध्या, प्रवेश परीक्षा नसलेल्या कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळेत छान आहे. पण ती दोन वर्षं मी त्याला परत देऊ शकत नाही. रानजाई, धंदा जरूर करा, पण भीती विकून करू नका एवढी कळकळीची विनंती.

रानजाई | ११ फेब्रुवारी, दुपारी ३.३०

तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या मुलीच्या वर्गात आत्ताच मुलं एकमेकांना विचारतात, तू कुठल्या ग्रामरला जाणार. मला उत्तर माहीत नाही. पण ज्या आया मला क्लासचं विचारतात, त्या सगळ्या तेच मागतात.

विहीर | ११ फेब्रुवारी, रात्री ९.१५

दुपारचं_ऊन यांचं दुखणं खरं आहे. मी ते दर ऑक्टोबरात बघते.

आकडा लक्षात घ्या: अख्ख्या इंग्लंडमध्ये ग्रामर स्कूल १६३, त्यातली ३२ एकट्या केंटमध्ये आणि चार स्लाऊमध्ये. आजूबाजूच्या गावांतूनही मुलं परीक्षेला येतात. जागा मोजक्याच, त्यामुळे क्लास कितीही वाढले तरी आत जाणारी मुलं तेवढीच. हे मी पालकांना पहिल्या भेटीत सांगते. त्यात जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या फीवर २० टक्के व्हॅट लागला, माझ्याकडे ग्रामरसाठी चौकशीचे फोन वाढलेत.

मी तीन गोष्टी पाळते. इयर फाइव्हच्या आधी इलेव्हन प्लससाठी मूल घेत नाही. मूल तयार नसेल तर ईस्टरला पालकांना स्पष्ट सांगते, फी बुडाली तरी. आणि जाहिरातीत किती मुलं लागली ते छापत नाही. शेजारचा क्लास छापतो, त्याच्याकडे रांग असते, मला ठाऊक आहे. माझ्याकडे त्याच घरातलं दुसरं-तिसरं भावंड येतं, त्यावर माझं घर चालतं.

नळस्टॉप | १२ फेब्रुवारी, सकाळी ९.००

पुण्यात माझे क्लासेस आहेत, आठवी ते बारावी, बावीस वर्षं. एका बॅचला साठ मुलं. बरेच माजी विद्यार्थी लंडनला आहेत, ते शाखा काढा म्हणतात. नोट्स, प्रश्नसंच तयार आहेत. इथून पैसे आणि एखादा शिक्षक पाठवून सुरू करता येईल का?

हिशेबनीस | १२ फेब्रुवारी, सकाळी १०.४०

पैसे पाठवता येतात. परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत व्यक्तीला वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि परदेशी कंपनीत भांडवल घालायचं तर २०२२ च्या नियमांप्रमाणे बँकेमार्फत रीतसर नोंद लागते. मित्राच्या खात्यावर पाठवून कंपनी काढू नका.

शिक्षक पाठवणं अवघड आहे. भारतात तीन वर्षं चालू असलेल्या धंद्यासाठी यूके एक्स्पान्शन वर्कर नावाचा मार्ग आहे, पण त्याला स्पॉन्सर लायसन्स (परदेशी माणूस कामाला आणायचा परवाना) लागतं, तो जास्तीत जास्त दोन वर्षांचा आहे आणि त्यावर कायम राहता येत नाही. त्यापेक्षा इथलाच माणूस शोधावा लागेल.

विहीर | १२ फेब्रुवारी, रात्री १०.००

सर, साठ मुलांना एका फळ्यावर धरून ठेवणं ही मोठी विद्या आहे, मी स्वतः तशाच वर्गात शिकले. पण इथला पालक त्यासाठी पैसे देत नाही. साठच्या जवळपास निम्म्या मुलांचा वर्ग त्याला शाळेत फुकट मिळतो. तो पैसे देतो ते मुलाच्या शेजारी कुणीतरी बसावं म्हणून. माझ्या एका टेबलाला सहा मुलं, आठच्या वर कधीच नाही. तुमच्या नोट्स बारावीच्या मुलांना ऑनलाइन उपयोगी पडतील, ए-लेव्हलचं (इथल्या बारावीचं) कलन आणि आपलं कलन बरंचसं एकच आहे. तिथून सुरुवात करून बघा.

गुळपोळी | १३ फेब्रुवारी, दुपारी ४.२०

शारजाहून लिहितेय. आमच्याकडे उलटं आहे. आधी परवाना, मग पहिला विद्यार्थी. पूर्वी घरी शिकवणी घेणं बेकायदेशीर होतं, पकडलं तर मोठा दंड. २०२३ च्या डिसेंबरात सरकारने खासगी शिकवणीचा वर्क परमिट आणला. दोन वर्षांचा, फुकट, ऑनलाइन अर्ज. शाळेतले शिक्षक, घरी असलेले पदवीधर, कॉलेजची मुलंसुद्धा काढू शकतात. आचारसंहितेवर सही करावी लागते. मी काढला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा दाराची बेल वाजली की छातीत धस्स होत नाही. मोठी संस्था काढायची तर मात्र अमिरातीप्रमाणे खातं बदलतं. दुबईत केएचडीए, अबू धाबीत एडेक, इथे शारजात वेगळं.

जुरोंगकर | १३ फेब्रुवारी, रात्री ८.०५

सिंगापूरला मर्यादा दहाची. दहा किंवा जास्त विद्यार्थी झाले की शिक्षण मंत्रालयाकडे केंद्राची नोंदणी, शिक्षकांचीही. आणि डिपेंडंट पासवर आता रानजाईंसारखं मोकळं नाही. १ मे २०२१ पासून नोकरी करायची तर स्वतःचा वर्क पास लागतो. माझ्या बायकोचे मराठी मुलांचे गणिताचे तास तेव्हा थांबले. इंग्लंडमध्ये तुम्हाला जी मुभा आहे ती मोठी आहे, वापरा.

रानजाई | १६ मार्च, रात्री ९.००

उत्तर द्यायला महिना लागला, माफ करा. एजंटला नाही म्हणून कळवलं. जागेचा मंजूर वापर कोणता ते लेखी द्या असं विचारलं होतं, त्यावर त्याने परत फोनच केला नाही.

तीन हॉल बघितले. एकाला खिडक्याच नव्हत्या. दुसऱ्याचं मुख्य दार थेट रस्त्यावर उघडतं आणि आत-बाहेर कोण करतंय ते दिसत नाही. विहीरताईंचा प्रसंग वाचला नसता तर मी हे बघितलंही नसतं. तिसरा चर्चमागचा. एकच दार, त्याच्यासमोर छोटं टेबल मावतं, तासाला अठरा पाउंड. व्यवस्थापक बाईंनी पहिला प्रश्न विचारला, तुमचं सेफगार्डिंग (मुलांच्या सुरक्षिततेचं) धोरण दाखवा. माझ्याकडे नव्हतं. महिनाभरात घेऊन येते म्हटलं. एन्हान्स्ड डीबीएसचा अर्ज एका संघटनेमार्फत गेलाय, भारताच्या पोलीस क्लिअरन्सचा व्हीएफएसमार्फत.

एक विचारायचंय. सहायक म्हणून शेजारच्या पंजाबी काकू यायला तयार आहेत. पैसे नको म्हणतात. तसं चालेल?

हिशेबनीस | १७ मार्च, सकाळी ७.१५

काकूंना पैसे द्या आणि रीतसर द्या. त्या दर शनिवारी ठरलेल्या वेळी येणार, तुम्ही सांगाल ते काम करणार, म्हणजे ती नोकरीच आहे. धंद्यात फुकट काम करून घेतलं तर किमान वेतनाचा कायदा आडवा येतो. त्यांचं डीबीएस आणि तुमचा एम्प्लॉयर्स लायबिलिटी विमा, दोन्ही पहिल्या शनिवारच्या आधी.

विहीर | १७ मार्च, रात्री १०.३०

धोरण इंटरनेटवरून जसंच्या तसं उतरवू नका. तुमच्या हॉलचं, तुमच्या दाराचं, तुमच्या काकूंचं नाव त्यात हवं. आग लागली तर मुलं कुठे उभी राहतील, कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, तुम्ही आजारी पडलात तर पालकांना किती वाजेपर्यंत कळेल. दोन पानं पुरतात. मला मेसेज करा, माझं पाठवते, बघून स्वतःचं लिहा.

रानजाई | ५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६.४५

धागा वर काढतेय.

६ सप्टेंबरला सुरू केला. सहा मुलं, सगळी इयर फोर आणि फाइव्हची. इलेव्हन प्लसचं विचारणाऱ्या दोन आयांना सांगितलं की आधी एक सत्र फक्त गणित करू, मग बोलू. एक थांबली, एक गेली. गेलेलीचं वाईट वाटलं, दोन मुलांची फी होती.

खर्च खरा किती आला ते लिहिते, कुणाला उपयोग होईल. माझं आणि काकूंचं डीबीएस, दोन्ही विमे, माहिती आयुक्तांचे ५२ पाउंड, प्रथमोपचाराचा एक दिवसाचा वर्ग, पहिल्या महिन्याचं हॉलभाडं, छोटे पांढरे फळे आणि वह्या, सगळं मिळून हजार पाउंडांच्या थोडं आत. दुकानाची नुसती अनामत याच्या पाचपट होती.

पहिल्या शनिवारी काकू दारातल्या टेबलावर वही घेऊन बसल्या होत्या. एक वडील घाईत होते, मुलीला आत सोडून निघाले. काकूंनी हाक मारून परत बोलावलं आणि सही घेतली. ते थोडे वैतागले. परवा तेच म्हणाले, माझ्या बहिणीचा मुलगा पाठवू का?

शिकवताना पाटी_पेन्सिल यांचं ऐकलं. भागाकार बस स्टॉपनेच. मुलीची पाढ्यांची तपासणी जूनमध्ये झाली, २५ पैकी २४, सात आठेला अडकली. पण क्रमाच्या नियमाला माझ्या तोंडून सवयीने कंचेभागुबेव आलं. मुलं शाळेत बिडमास शिकलीयेत, त्यांना हा शब्द इतका आवडला की सहाही जण तालावर म्हणायला लागले. त्यात दोन मुलं तमिळ आहेत, एक पोलिश. अर्थ त्यांना मी फळ्यावर लिहून दिला.

दुपारचं_ऊन, तुम्हाला सांगायचं होतं. यातला एक मुलगा पहिल्या दिवशी म्हणाला, मला गणित येत नाही, मी बॉटम टेबलला (मागे पडलेल्या मुलांच्या टेबलाला) बसतो. मी त्याला दुसरं काही न देता महिनाभर फक्त अपूर्णांकाच्या पट्ट्या कापायला दिल्या. काल त्याने स्वतःहून शेजारच्या मुलीला दोन तृतीयांश म्हणजे सहाचे चार कसे ते कापून दाखवलं.

विहीरताई, पुढच्या शनिवारी सातवी मुलगी येतेय. तिला न्यायला आलटून पालटून चार जण येणार, आई-वडील, मावशी आणि शेजारीण. तुमच्या वहीत एवढ्या नावांसाठी रकाने कसे आखता, त्याचा फोटो टाकाल का?

विहीर | ५ ऑक्टोबर, रात्री ८.१०

उद्या हॉलवर गेले की काढून पाठवते. चौघांचे फोटो मात्र आईकडून आत्ताच मागवून ठेवा. मावशी म्हणून कोण येणार ते काकूंना चेहऱ्याने कळायला हवं.